उदगीरच्या बंगल्यात शॉवर हवा का?

मंगलचा फोन आला तेव्हा मी कांदा चिरत होते. फोन स्पीकरवर टाकला होता, त्यामुळे तिचा प्रश्न अख्ख्या स्वयंपाकघराने ऐकला. "सुधे, तू लई हिंडतीस, शंभर ठिकाणी ऱ्हातीस. खरं सांग, भाड्यानं द्यायच्या घरात टब असला तर शॉवर बी लागतोच का?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी हसले असते. पण मंगल ज्या टबाबद्दल बोलत होती तो मला माझ्या लग्नातल्या शालूपेक्षा स्पष्ट आठवतो.

आधी थोडी ओळख करून देते, नाहीतर तुमचा गोंधळ होईल. मंगल माझी उदगीरची बालमैत्रीण. तिच्या आजोबांनी निजामाच्या काळातल्या एका डॉक्टरांचा बंगला विकत घेतला. डॉक्टर हैदराबादला शिकलेले आणि शौकीन. त्यांनी हौसेने ओतीव लोखंडाचा, आतून पांढराशुभ्र, वाघाच्या पंजाचे पाय असलेला टब आणवला होता. मंगलच्या घरचे देवणीकडचे शेतकरी. या टबात बसायचं असतं हे त्यांना पटलंच नाही, पण काढायचा तर आठ माणसं लागणार, म्हणून तो राहिला. पुढे मंगलच्या वडिलांनी बंगल्याचा पुढचा भाग नोकरदारांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. माझे वडील पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. बदली होऊन आम्ही तिथे गेलो आणि नऊ वर्षं राहिलो.

आता तोच पुढचा भाग मंगल प्रवाशांना दिवसावर देते. जुनं घर, उंच छत, शहाबादी फरशी, घरचं जेवण. लोकांना आवडतं. पण रिव्ह्यू लिहिताना प्रत्येकाची गाडी न्हाणीघराशी येऊन थांबते. 'घर सुंदर, जेवण अप्रतिम, पण शॉवर नाही.' 'टब आहे, पण वापरू देत नाहीत.' बुकिंग कमी व्हायला लागलं. हैदराबादला नोकरी करणारा तिचा मुलगा म्हणाला, एक तर शॉवर बसव, नाहीतर बंगला बिल्डरला देऊन माझ्याकडे ये.

"तिथं आठव्या मजल्यावर बसून मी काय कबुतरं मोजू?" मंगल म्हणाली. "गुरुवारी प्लंबर येनारय. त्याच्या आधी तू ये. पाहुण्यासारखी ऱ्हा आणि सांग. तू म्हनशील तसं."

म्हणजे निकाल माझ्या हातात. आणि खरं सांगते, निकाल मी कांदा चिरतानाच देऊन टाकला होता. शॉवर नको. माझ्या लहानपणाच्या न्हाणीघरात ड्रिल मशीन घुसलेलं मला चालणार नव्हतं.

दादाला, म्हणजे माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या भावाला, सहज सांगितलं तर म्हणाला, "मीही येतो." दादा चौसष्ट वर्षांचा आहे. मधुमेहामुळे वर्षभर त्याचे दोन्ही खांदे धरलेत. विचारलं की "थोडे कुरकुरतात" म्हणतो आणि विषय बदलतो. वहिनी लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेली होती, त्यामुळे हा तिच्याशिवायचा त्याचा पहिलाच प्रवास. तिने मला फोनवर गोळ्यांची यादी सांगितली. "आणि हे बघ सुधाताई, आंघोळीचं..." असं काहीतरी म्हणत होती, तेवढ्यात दादाने माझ्या हातातून फोन घेतला आणि गाडीची वेळ सांगत बसला.

सोमवार: नांदेड

पुण्याहून नांदेडला रात्रीची रेल्वे सोयीची. झोपून जायचं, सकाळी पोहोचायचं. तिकीट मात्र बरंच आधी काढा. स्टेशनाबाहेर अर्धापूरची केळी घेतली. पुण्यात अर्धापूरची म्हणून जी विकतात ती आणि ही यांचा काही संबंध असेल असं मला वाटत नाही.

स्टेशनजवळच्या साध्या हॉटेलात दोन खोल्या घेतल्या. स्वच्छ चादरी, गरम पाणी आणि शॉवर. दादा आंघोळीला गेला तो अर्धा तास बाहेर येईना. भिंतीपलीकडून त्याचं गुणगुणणं ऐकू येत होतं. नाश्त्याला उशीर होतोय म्हणून मी दार वाजवलं. तो बाहेर आला तेव्हा चांगलाच खुशीत होता.

आमच्या लहानपणी नांदेड म्हणजे शहर. दिवाळीचे कपडे, दादाचा चष्मा, आईचे दात, सगळ्याला नांदेड. आई सकाळी एसटीत बसायच्या आधी आम्हाला दम भरायची की मी म्हणेन तेवढंच मागायचं. ज्या गल्लीत कापड घ्यायचो ती गल्ली सापडली, दुकान काही सापडलं नाही. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो. तुम्ही गेलात तर चुकवू नका. डाळीची चव आहेच, शिवाय कुणीही कुणाशेजारी बसतं, ते बघायला छान वाटतं. संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर बसलो. पाणी होतं. दादा म्हणाला, "एवढं पाणी बघितलं की आई म्हणायची, यातल्या चार बादल्या उदगीरला नेता आल्या असत्या तर."

मंगळवार: कंधारमार्गे उदगीर

एसटी आहे, पण वाटेत थांबायचं होतं म्हणून गाडी केली. दिवसाचे साडेतीन हजार. ड्रायव्हर बालाजी मुखेडकडचा, बोलका. रस्ता बराचसा चांगला, अधूनमधून काम चाललेलं. तिथे धूळ खावी लागते.

"मॅडम, कंधारला किल्ला बघायला जाऊन राहिले का नातेवाईक हायत?" त्याने विचारलं.

"किल्लाच."

"मग टोपी घ्या. वर सावली न्हाई."

कंधारचा किल्ला मला उदगीरच्यापेक्षा जास्त आवडतो, आणि हे मी मंगलला सांगणार नाही. भोवती पाण्याचा खंदक, आत शांतता, एका बुरुजावर शेळ्या. तास-दीड तास पुरतो. दादा पायऱ्या नीट चढला, मात्र कॅमेरा डोळ्यापर्यंत उचलायची वेळ आली की माझ्याकडे द्यायचा. "तुला अँगल चांगला जमतो," म्हणाला. मीही फुशारले.

पुढे जांबला चहा आणि मिरचीची भजी, मग जळकोट. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यावर आलेली. दुपारी तीनला बंगल्याच्या फाटकाशी पोहोचलो.

मंगल व्हरांड्यातच उभी होती. कानशिलं पांढरी झालीत, बाकी तशीच. "या, या दादा. किती वाळले तुम्ही," म्हणाली आणि माझ्याकडे बघून, "तू न्हाई वाळलीस."

सामान ठेवलं आणि मी सरळ न्हाणीघराकडे गेले. सहा पावलं, डावीकडे दोन पायऱ्या खाली. पायांनीच वाट काढली. खोली मोठी आहे, आजच्या फ्लॅटमधल्या बेडरूमएवढी. एका भिंतीला टब, वर लाकडी फळी आणि फळीवर धुतलेलं फडकं. समोरच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब आणि त्याच्यापुढे बसायचा काळा दगड. खिडकीतून येणारं ऊन दगडावर पडलेलं. मी दगडावर बसूनच घेतलं.

या टबात आमच्या घरात कुणीही कधी आंघोळ केली नाही. नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं, आणि टब म्हणजे घरातलं सगळ्यात मोठं भांडं. पाणी आलं की आधी टब, मग पिंप, हंडे, कळशा, शेवटी वाट्यासुद्धा. आई रोज संध्याकाळी फळी उचलून पाण्यात बोटं धरायची. काल किती होतं, आज किती उतरलं, हे तिला बोटांवर पाठ असायचं. सकाळी बंबातून गरम पाणी बादलीत काढायची, बाजूला विसणाची, म्हणजे गार पाण्याची, दुसरी बादली ठेवायची आणि हाक मारायची, "पाणी काढलंय रे." उरलेलं विसण ओतून द्यायचं नाही. ते तांब्यातांब्याने परत टबात. पाणी मोरीत ओतलं तर आई ओरडायची नाही, नुसती बघायची. ते जास्त वाईट होतं.

मंगलकडे आजही तोच कारभार आहे. नळ हल्लीही पाच-सहा दिवसांनीच येतो. म्हणूनच तिने टबावर पाटी लावलीय, 'हा टब आंघोळीसाठी नाही.' पाटी लावायच्या आधी मुंबईचं एक जोडपं आलं होतं. भरलेला टब बघून त्यांना वाटलं, आपल्यासाठीच तयार ठेवलाय. त्यांनी त्यात सुगंधी साबण ओतला आणि तासभर बसले.

"पाच दिवसांचं पानी, सुधे," मंगल अजूनही कळवळून सांगत होती. "सगळं फेसात. आन जाताना वर मला म्हनाले, थँक्यू काकू."

रात्रीच्या जेवणाला ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची, आमटी, शेंगदाण्याची चटणी, तव्यावरची मिरची. मी तीन भाकरी खाल्ल्या आणि पोट भरल्यावर माणूस जसा जोरात बोलतो तशी बोलायला लागले. बंब, दगड, टब, यातलं काहीही हलवायचं नाही, असं मंगलला बजावलं. शॉवर हवा असेल त्याने लॉजवर जावं, उदगीरमध्ये लॉज कमी नाहीत, म्हणाले. आणि वर हेही म्हणाले, "ज्याला तांब्याने आंघोळ करता येत नाही, त्याने या घरात येऊच नये."

मंगल हसली. दादा भाकरी कुस्करत होता. त्याने आणखी आमटी मागितली.

बुधवार: हुरडा

सकाळी सातला मंगलची हाक आली. "दादा, पानी काढलंय." ती हाक ऐकून मला अंथरुणातच भरून आलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी ते तीन शब्द कुणीतरी म्हणालं होतं, आणि तेही मला नाही, दादाला. त्याचा हेवा वाटला.

तो पंधरा मिनिटांत बाहेर आला. केस ओले, भांग पाडलेला, गळ्यावर पावडर. "झालीसुद्धा?" मी विचारलं. "थंडी आहे," म्हणाला. माझी आंघोळ मात्र तब्येतीत झाली. दगडावर बसून, बंबाच्या धुराचा वास घेत, डोक्यावर तांब्या. मनातल्या मनात या लेखाचा एक परिच्छेदही लिहून झाला. जुन्या घरांना जुनंच राहू द्या, वगैरे. तो परिच्छेद तुम्हाला वाचायला मिळणार नाही.

दुपारी मंगलच्या भावाच्या शेतावर गेलो, देवणीच्या रस्त्याला. शेणकुटांवर भाजलेला हुरडा, हातावर चोळून फुंकर मारून खायचा. सोबत गूळ, दही, जवसाची चटणी. जानेवारीत या बाजूला आलात तर ओळखपाळख काढून कुणाच्या तरी शेतात घुसाच. गोठ्यात देवणी जातीची एक गाय होती, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, गरीब डोळ्यांची. दादा तिच्या मानेखाली खाजवत बराच वेळ उभा होता. परत येताना सगळे धुळीने माखलेले. मंगलने पाणी काढू का विचारलं. दादा म्हणाला, नको, सकाळी करतो.

गुरुवार: टबातलं पाणी

सकाळी परत तीच हाक, परत तीच पंधरा मिनिटं. दादा पावडर लावून व्हरांड्यात पेपर वाचायला बसला. मी चहा घेत होते. मंगल स्वयंपाकाचं पाणी काढायला न्हाणीघरात गेली आणि तिथूनच म्हणाली, "सुधे, जरा इकडं ये बरं."

ती फळी उचलून टबात हात घालून उभी होती.

"पानी वाढलंय," ती म्हणाली.

"नळ आला असेल."

"नळ परवा येनार. काल बी मला वाटलं वाढल्यासारखं. म्हनलं चष्म्याचा नंबर बदलला आसंल. आज बघ, रात्रीच्या खुनेवर दोन बोटं चढलंय. आन हात घाल."

मी हात घातला. पाणी कोमट होतं.

या घरात टबाचं पाणी उतरताना सगळ्यांनी पाहिलंय. चढताना कुणी पाहिलं नाही. मी बादल्यांकडे बघितलं. दोन्ही रिकाम्या, पालथ्या घातलेल्या. दगड एका कडेला थोडा ओला, बाकी कोरडा. कोनाड्यात दादाची साबणाची वडी कालच कागदातून काढलेली, वरची अक्षरंसुद्धा शाबूत. दांडीवर त्याचा टॉवेल, एक टोक पिळलेलं.

मंगलला माझ्या आधी कळलं असावं, कारण ती फळी ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली.

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. नांदेडच्या शॉवरखालचा अर्धा तास. माझ्याकडे दिलेला कॅमेरा. वर्षभर तो अंगात घालतोय ती पुढून बटणं असलेली जॅकेटं. वहिनीचं अर्धवट राहिलेलं वाक्य. त्याचे हात छातीच्या वर जातच नव्हते. तांब्या डोक्यावर नेता येत नव्हता. दोन दिवस तो दार लावून टॉवेलाचं टोक भिजवून अंग पुसत होता, केसांना ओला हात लावत होता, आणि न वापरलेलं पाणी मोरीत ओतायचं धाडस त्याला होत नव्हतं. म्हणून दोन्ही बादल्या तांब्यातांब्याने टबात. आईच्या मुलाने दुसरं काय केलं असतं?

आणि मी काय म्हणाले होते, त्याच्याच समोर, तोंडात भाकरी असताना? मला माझीच लाज वाटली. अशी लाज फार वर्षांत वाटली नव्हती.

मी बंबातून पुन्हा एक बादली काढली, विसण ठेवलं, प्लास्टिकचं उंच स्टूल आणून दगडापाशी ठेवलं. व्हरांड्यात जाऊन म्हणाले, "दादा, पाणी काढलंय. चल."

त्याने पेपर खाली घेतला. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला समजलं.

"सुधे, राहू दे."

"ऊठ. गार होतंय."

तो आला. पंचा गुंडाळून स्टुलावर बसला, भिंतीकडे तोंड करून. त्याच्या पाठीची हाडं दिसत होती. मी पहिला तांब्या पाठीवर ओतला, मग खांद्यांवर, मग डोक्यावर.  साबण लावला, पाठ चोळली. डोकं धुताना माझा डावा हात आपोआप त्याच्या कपाळावर गेला, भुवयांच्या वर आडवा, फेस डोळ्यांत जाऊ नये म्हणून. आई असाच धरायची. मला तेव्हा रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, तो भिंतीकडेच बघत होता.

"अजून विसण घालू?"

"नको. असंच बरं आहे." मग थोड्या वेळाने, "दोन तांबे जास्त ओत."

अकरा वाजता प्लंबर आले. कलीमभाई, पन्नाशीचे, कानावर पेन्सिल. न्हाणीघर बघून म्हणाले, "क्या माल है. आता अशी खोली कोण बांधतंय?" मग टबावर थाप मारून, "सोपं काम म्हंजे याच्याच वर शॉवर देतो. टबात उभं ऱ्हायचं, आंघोळ करायची. पाहुण्यांना फोटो बी आवडतो."

"आन पानी कुठं भरू?" मंगल म्हणाली. "तुमच्या पेटीत?"

"मग टब काढू. कोपरा मोकळा होतो."

मंगलने माझ्याकडे बघितलं. निकाल द्यायची वेळ आली होती आणि कांदा चिरताना दिलेला निकाल आता चालणार नव्हता.

"टब राहू दे," मी म्हणाले. "टबाची कड एवढी उंच, त्यात कोण चढणार? बंब काढा. त्या कोपऱ्यात गिझर लावा, दगडापाशी, आणि गच्चीवर एक छोटी टाकी. आणि शॉवर हातात धरायचा द्या, नळीचा. बाजूला भिंतीला धरायला दांडा."

"बंब काढू?" मंगलनेच विचारलं. "तुझा बंब?"

"काढ."

"आन पानी लई जाईल त्याचं?"

"वो भी है," कलीमभाई म्हणाले. "दाबायचं बटन असतंय हातात. दाबलं तर पानी, सोडलं की बंद. बादलीपेक्षा कमीच लागतंय. आता अडकवायचा हुक किती उंचीवर? सहा-साडेसहा फुटावर देतात सगळे."

 दारातून दादाचा आवाज आला. "मी बसून दाखवतो."

तो आत आला, कपड्यांनिशी स्टुलावर बसला आणि उजवा हात उचलायला लागला. हळूहळू. छातीपर्यंत आला, थोडा वर गेला, थांबला. ओठ दाबून त्याने आणखी बोटभर उचलला. "बस," म्हणाला. "इथपर्यंत जातो."

कलीमभाईंनी कानावरची पेन्सिल काढली आणि त्याच्या बोटांशी भिंतीवर रेघ मारली. "हो गया, साहेब. हात खाली घ्या." त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. त्या माणसाला मी मनातून नमस्कार केला.

शुक्रवार: परत

उदगीरहून लातूरला सकाळी भरपूर एसट्या आहेत. लातूरला उतरून निलंगा राईस खाल्ला, पिवळाधमक, तिखट, सोबत कढी. मुद्दाम शोधून खा. तिथून पुण्याला दिवसाची बस घेतली. सात-आठ तास लागतात. खांदे दुखणारं माणूस बरोबर असेल तर खिडकीची जागा आणि एक उशी.

मुरूड मागे पडलं तेव्हा मी दादाला म्हणाले, "त्या दिवशी जेवताना मी जे बोलले ना..."

"तू मला कुठे बोललीस? पाहुण्यांना बोललीस."

"तरी."

तो बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "मला वाटत होतं मी घरी चाललोय. तांब्या उचलेना तेव्हा कळलं, मी पण पाहुणाच."

 येडशीला बस थांबली तेव्हा त्याच्यासाठी बिनसाखरेचा चहा आणला.

घरी आल्यावर

महिना होऊन गेला. प्रवासाहून आल्यावर काय राहिलं, असं मला वाचक विचारतात. या वेळी सांगणं अवघड आहे, कारण मी जे बघायला गेले होते ते माझ्याच सांगण्यावरून निघालं. बंब आता व्हरांड्यात आहे, मंगलने त्यात मनी प्लांट लावलाय. धुराचा वास गेला. त्याची हळहळ वाटते आणि वाटत राहील, ते मी लपवणार नाही. आठवणी जपायच्या म्हणून मी एक घर जसंच्या तसं ठेवायला निघाले होते, आणि त्या आठवणी ज्याच्या माझ्याइतक्याच होत्या त्या माणसालाच त्यात आंघोळ करता येत नव्हती.

तर मंगलच्या प्रश्नाचं उत्तर. हो, टब असला तरी शॉवर लागतो. टब कशाला आहे ते ज्याचं त्याला ठाऊक. शॉवर मात्र ज्याचा हात वर जात नाही, ज्याला वाकता येत नाही, ज्याला सांगायची लाज वाटते, त्याच्यासाठी लागतो. तुमच्याकडे असं जुनं घर असेल तर बसवा. आणि पाहुणे म्हणून जात असाल तर जायच्या आधी पाणी कोणत्या दिवशी येतं ते विचारा.

कालच मंगलचा पुन्हा फोन आला. बुकिंग वाढलंय, मुलगा गप्प झालाय, आवाजावरूनच कळत होतं. "पन आता नवीनच तक्रार," ती म्हणाली आणि ताजा रिव्ह्यू वाचून दाखवला. 'घर छान. शॉवर आहे, पण फारच खाली बसवलाय, उभं राहून आंघोळ करता येत नाही. कोणी मापं घेतली देव जाणे.'

"कलीमभाई म्हनतो दहा मिन्टाचं काम हाय, वर घेतो," मंगल म्हणाली. "घेऊ का वर?"

"नको."

"मग उत्तर काय लिहू? तू लिहिनारी हायस, सांग."

मी म्हणाले, "लिही, घरातल्या माणसाच्या मापाने बसवलाय."

पलीकडे तिने ते वाक्य एकदा म्हणून बघितलं. मग म्हणाली, "हाव, तसंच लिहिते."